चार बोटं कमी

ऑक्टोबर लागला की घरामागच्या शाळेच्या मैदानावरून बँडचा ढोल ऐकू यायला लागतो आणि माझा उजवा हात आपोआप मूठ आवळतो. त्या मुठीत एकेकाळी एक दांडा असायचा. सुजाता, म्हणजे माझी बायको, हे बरोबर हेरते. चहाचा कप पुढ्यात ठेवत म्हणते, "झाली का ड्यूटी सुरू?" अंगणात मेपलची पानं घोट्यापर्यंत साचलेली असतात, ती ओढायचं दाताळं गॅरेजमध्ये माझी वाट बघत असतं, आणि मी खिडकीशी उभा राहून ढोल ऐकत राहतो. काय करणार, त्या एका हंगामाने मला जे शिकवलं ते नागपूरच्या कॉलेजला जमलं नाही आणि इथल्या नोकरीलाही नाही.

तेव्हा आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायचो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. दिवसभर हातात माप घ्यायचं गेज. इंचाचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला की माल परत. सुजाता नागपूरच्या मेडिकलमधून डॉक्टर झालेली, तिच्या वस्तीतली पहिली. तिचा निकाल लागला तेव्हा वस्तीने तीन दिवस तिच्या आईला चूल पेटवू दिली नव्हती, रोज कुणाकडून तरी जेवण यायचं. आणि इथे? माझ्या व्हिसावर आलेली बायको म्हणून तिला कामाची परवानगीच नाही. प्रज्ञाला मांडीवर झोपवून अभ्यास करत तिने इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा दिल्या, पास झाली. पण एखाद्या हॉस्पिटलने रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या पगारी प्रशिक्षणाला, घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तोवर आठवड्यातले दोन दिवस ती एका हॉस्पिटलात बिनपगारी, गुलाबी जाकीट घालून खोल्याखोल्यांत फुलांचे गुच्छ पोहोचवायची. "तेवढाच वॉर्डाचा वास येतो रे," म्हणायची आणि हसायची. फोनवर कुणाला नाव सांगायची वेळ आली की "मिसेस मेश्राम" सांगायची. नावाआधी डॉक्टर लावायचं तिने सोडूनच दिलं होतं.

समोरच्या घरात हेगन राहायचे. शाळेत भूमिती शिकवायचे आणि शाळेच्या फुटबॉल संघाचे मुख्य कोच होते. उंच, थोडे वाकलेले, घसा कायमचा बसलेला. आमच्या पहिल्या हिवाळ्यात फावड्याने बर्फ कसा ढकलायचा, म्हणजे पाठ धरत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. एकदा ऑगस्टमध्ये मेलबॉक्सपाशी मला गाठून म्हणाले, "तू मोजमापाचा माणूस ना? शनिवारी दुपारी मोकळा असतोस?" शाळेच्या मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे सामने शनिवारी दुपारीच व्हायचे. सामन्यात अंतर मोजायची साखळी धरणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे गुडघे गेले होते आणि त्यांच्या जागी माणूस हवा होता.

फुटबॉल म्हणतात आणि हाताने खेळतात, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. पण त्यातलं गणित सोपं निघालं. संघाला चार डाव मिळतात. चार डावांत चेंडू दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे न्यायचा. नेला की नवे चार डाव. तीन डावांत जमलं नाही की चौथ्याला कोचने ठरवायचं. एक तर उरलेलं अंतर धडक मारून घ्यायचं, नाहीतर लाथ मारून चेंडू लांब उडवायचा आणि समोरच्यांच्या हवाली करायचा. याला पंट म्हणतात. धडक फसली तर चेंडू जागच्या जागी दुसऱ्यांचा. पंट केला तर तो निदान आपल्या दारापासून लांब तरी गेला. हे दहा यार्ड मोजायला दोन दांडे आणि त्यांच्यामध्ये साखळी. पुढचा दांडा माझा.

गंमत अशी की पंच चेंडू ठेवायचे ते नुसत्या नजरेने. वीस पोरांच्या ढिगाखालून तो उपसायचा, "इथे असेल" म्हणून टेकवायचा, आणि मग चेंडूचं टोक दांड्याच्या पुढे की मागे हे बघायला आम्हाला साखळी घेऊन धावायला लावायचं! माझ्या गेजवाल्या जिवाला हसू आवरायचं नाही. पण हसायचंही नाही, कारण साखळीवाल्यांचा एक कडक नियम होता. आपल्या संघाच्या बाकाजवळ उभं राहायचं, पण आपल्या संघाचं व्हायचं नाही. टाळी नाही, आरडाओरडा नाही. मोजायचं आणि गप्प राहायचं. सुजाता एकदा प्रज्ञाला घेऊन सामना बघायला आली. संघाने बाजी मारली, सगळं मैदान नाचायला लागलं, आणि मी नारिंगी जाकीट घालून खांबासारखा उभा. पाच वर्षांच्या प्रज्ञाने विचारलं, "व्हाय इज बाबा नॉट क्लॅपिंग?" सुजाता म्हणाली, "त्याला परवानगी नाही, बेटा."

मला ते काम फार आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. कापलेल्या गवताचा वास, चुन्याच्या पांढऱ्या रेषा, पोरांच्या खांद्यांवरची चिलखतं एकमेकांवर आदळली की होणारा फटकन आवाज, आणि कागदी कपातलं पाणचट हॉट चॉकलेट. थंडी वाढेल तशी साखळी हाताला चटका द्यायची. आणि सगळ्यात जास्त आवडायचं ते चौथ्या डावाआधीचं अर्धं मिनिट. हेगन माझ्यापासून दहा पावलांवर. टोपी पुढे ओढलेली, दोन्ही हात खिशात. त्यांचे मदतनीस कानाशी ओरडताहेत, समोरून गाव ओरडतंय, आणि हा माणूस एकटा. दर चौथ्या डावाला त्यांच्या जागी मीच दांडा घट्ट आवळून धरायचो.

त्यांच्या निर्णयांमागचं सूत्र मला सापडत नव्हतं. एका सामन्यात चेंडू आपल्याच टोकाला, अंतर चांगलं तीन यार्ड, फसलं तर सामना हातचा गेला असता. तिथे त्यांनी धडक मारायला लावली आणि ती लागू पडली. पुढच्या शनिवारी मैदानाच्या मध्यावर, फक्त एक यार्ड हवा, तर पंट! मी खिशात एक कार्ड ठेवून अंतर, गुण, उरलेला वेळ टिपायला लागलो. इंजिनिअरची खोड. हेगन धाडसी की सावध, हे काही केल्या ठरेना. अशा धडकेला ते चेंडू नेहमी एकाच पोराकडे द्यायचे. डॅनी त्याचं नाव, आडव्या बांध्याचा, लाजाळू. पण डॅनीचं नाव माझ्या कार्डावर कुठेच नव्हतं.

रविवारी मात्र सगळं स्वच्छ असायचं. वानखेडे काकांच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर मोठ्या संघांचे सामने लागायचे. काका मूळचे आमच्या नागपूरचेच, सत्तरच्या दशकात इथे आलेले, आम्हा सगळ्यांत वडीलधारे. काकू वर आलूबोंडे तळायच्या आणि काका खाली टीव्हीतल्या कोचला झापायचे. "अबे घाबरट! मार ना धडक! पंट काऊन करतो बे?" वरून काकूंचा आवाज यायचा, "अहो, सोफा बदलायला तुम्हाला सात वर्षं लागली. त्या माणसाला दोन मिनिटं तरी द्या!" आम्ही खो खो हसायचो. काका बावीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच टेबलावर होते. सोफ्यावर बसून दुसऱ्याला शूर व्हायला सांगणं किती सोपं असतं, हे मी तिथेच बघितलं, आणि त्यात मीही होतो.

पण पंट करणाऱ्याला नुसतं घाबरट म्हणून मला पुढे जाता येत नाही. माझे बाबा पोस्टात होते. कायमची नोकरी म्हणजे काय, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा त्यांच्यामुळे कळलं. बढती आली तर त्यांनी नाकारली, कारण बदली झाली असती आणि आम्हा भावंडांची शाळा तुटली असती. ज्या घराला चेंडू पिढ्यानपिढ्या बघायलाही मिळाला नव्हता, त्या घरातला माणूस तो छातीशी घट्ट धरणारच. त्यांच्या त्या सावधपणावर मी शिकलो, इथवर आलो. तोच सावधपणा मी बॅगेत घालून अमेरिकेत आणला, आणि तो तपासून बघायचं मला कधी सुचलं नाही.

हंगामाचा शेवटचा आठवडा होता. सोमवारी पत्र आलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात सुजाता मुलाखत देऊन आली होती, त्यांनी रेसिडेन्सीची जागा देऊ केली होती. व्हिसाही तेच करून देणार होते. उत्तर पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत. पत्र तिने दोनदा वाचलं. मी अभिनंदन केलं आणि लगेच वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, "ग्रीन कार्डची फाइल मध्यावर आहे, नोकरी सोडलीस तर सगळं पहिल्यापासून." म्हणजे तिने जायचं तर संसार दोन गावांत. मध्ये बारा तासांचा ड्राइव्ह, प्रज्ञा तिच्याबरोबर, आणि मी ट्रॉयला एकटा. मी नकाशा काढला, अंतर मोजलं, शेवटी म्हणालो, "तू ठरव. मी तुला अडवणार नाही."

किती समंजस वाटतं ना हे वाक्य? आपल्याकडचे शिकलेले नवरे हे वाक्य फार जपून वापरतात. त्यात नकार असतो, पण तो आपल्या तोंडून गेलेला नसतो. सुजाताने पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, वाढताना ती थांबायची, माझ्याकडे बघायची. मी भाजी चांगली झालीय म्हणायचो. गुरुवारी ती पुन्हा म्हणाली, "तुला काय वाटतं, ते तरी सांग." मी म्हणालो, "माझ्या वाटण्याचं राहू दे, निर्णय तुझा आहे." ती म्हणाली, "हो. साखळीवाल्याला परवानगी नसते, नाही का?" आणि ताटं उचलायला लागली.

शनिवारचा सामना जिंकला तर संघ पुढच्या फेरीत, हरला तर हंगाम संपला. आकाश करडं, वारा बोचरा. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. आम्ही म्हणजे ते, पण जाऊ दे. तिसऱ्या डावाला ढीग पडला, पंचांनी आम्हाला बोलावलं. मी दांडा घेऊन धावत गेलो, साखळी ताणली, वाकून बघितलं. चेंडूचं टोक दांड्याच्या अलीकडे होतं. किती? मी नकळत हात लावून बघितला. चार बोटं कमी.

सगळं मैदान उभं राहिलं. "गो फॉर इट! गो फॉर इट!" आया ओरडत होत्या, आजोबा ओरडत होते, बँडवाला ढोल बडवत होता. चार बोटं, डॅनीने नुसतं अंग टाकलं असतं तरी पुरे होतं. हेगननी टोपी वर केली, मैदानाकडे एकदा नीट बघितलं आणि हाताने खूण केली. पंट. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग जो ओरडा झाला तो मी विसरणार नाही. चेंडू समोरच्यांकडे गेला आणि वेळ संपेपर्यंत परत आलाच नाही. एका बापाने कागदी कप फेकून मारला. "कावर्ड!" हेगननी तो कप उचलला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला.

मैदान रिकामं झाल्यावर साखळी गुंडाळायला ते स्वतः माझ्या मदतीला आले. मला राहवलं नाही. हंगाम संपला होता, म्हणजे माझी बंदीही संपली होती. म्हटलं, "कोच, चार बोटं होती. मी हात लावून बघितलंय."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"तू चेंडू बघत होतास," ते म्हणाले. "मी डॅनीला बघत होतो. ज्या पोराला चेंडू हवा असतो ना, तो माझ्याकडे बघतो. नजर सोडत नाही. तो तसा बघत असला तर तीन यार्ड असोत, मी देतो. आज तो बुटांकडे बघत होता. कदाचित त्याने नेलाही असता. पण नसता नेला, तर या गावात तो म्हातारा होईपर्यंत चार बोटांचा डॅनी म्हणून फिरला असता. मला घाबरट म्हणतात, म्हणू देत. कोच त्याच्यासाठीच असतो."

मी विचारलं, "म्हणजे अंतर, गुण, वेळ, हे काही नाही?"

"ते असतंच की. पण चेंडू उचलून पळायचं त्याला आहे. मग आधी त्याच्या तोंडाकडे बघायला नको?"

मी गाडीत जाऊन बसलो, पण किल्ली फिरवली नाही. खिशातलं कार्ड काढून बघितलं, पहिल्या सामन्यापासून सगळे आकडे व्यवस्थित. आणि मला माझी इतकी लाज वाटली म्हणून सांगू. सुजाता सोमवारपासून माझ्याकडे बघत होती. नजर सोडत नव्हती. आणि मी? मी फाइल बघितली, नकाशा बघितला, भाजी बघितली. हेगननी पंट केला तो त्या पोराला वाचवायला. मी केला तो स्वतःला वाचवायला, आणि वर त्याला समंजसपणा म्हणत होतो.

घरी आलो तर ती ओट्यापाशी भाकरीचं पीठ मळत होती. "हरले?" तिने विचारलं.

"हरले."

"हं. मी काल फोन केला तिकडे. सेक्रेटरी लवकर निघून गेली होती. टेपवर निरोप ठेवलाय." हात थांबले नव्हते. "नाही जमणार म्हणून. आभार वगैरे."

"सुजाता, इकडे बघ."

"हात भरलेत माझे."

"हात राहू दे. नुसती बघ."

तिने बघितलं. मी म्हणालो, "जा तू. मला भीती वाटते, लई वाटते. तुम्ही दोघी नसताना या घरात मी काय करीन, मला माहीत नाही. पण तुला जायचंय, आणि हे मला सोमवारपासून दिसतंय. दिसत नाही असं दाखवत होतो मी."

पिठाचा गोळा तिने परातीत आपटला. "आत्ता सांगतोस? टेपवर सांगून झाल्यावर?" ती इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. मग पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. "मी काय परवानगी मागत होते का रे? तू बरोबर आहेस का, एवढंच विचारत होते." प्रज्ञा आतून धावत आली आणि आईचं पांढरं झालेलं तोंड बघून हसायला लागली. मग आम्हीही हसलो, रडता रडताच.

रविवार जाता जाईना. मी काकांकडे गेलो, त्यांना सगळं सांगितलं. काकांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. सामना चालू असताना त्यांनी असं करणं मी पहिल्यांदाच बघत होतो. हळू आवाजात म्हणाले, "तुझी काकू तिकडे हायस्कूलात गणित शिकवायची. इथेही जागा मिळत होती तिला, शिकागोला. मी म्हटलं होतं, तूच बघ बा." वरून तळणाचा वास येत होता. त्या दिवशी त्यांनी एकाही कोचला शिवी दिली नाही.

पुढचं सांगून टाकतो. सोमवारी सकाळी आठला फोन लावला तेव्हा त्या सेक्रेटरीबाई नुकत्या आल्या होत्या आणि कॉफी घेतल्याशिवाय त्या टेप ऐकत नसत. त्या कॉफीचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. मग अडीच वर्षं सुजाता आणि प्रज्ञा इथे, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत, आणि मी ट्रॉयला. फार कठीण गेली ती वर्षं, उगाच गोड करून सांगणार नाही. प्रज्ञा फोनवर "आय हॅव टू गो, बाबा" म्हणून पटकन ठेवून द्यायची आणि मी रिसीव्हर हातात घेऊन बसून राहायचो. एका हिवाळ्यात तर सुजाताच म्हणाली होती, सोडून देते. तेव्हाही मी घाबरलेलोच होतो, पण गप्प बसलो नाही. हेगन आता नाहीत. ते तो सामना हरले हे त्या गावाने त्यांच्या शेवटापर्यंत लक्षात ठेवलं, आणि डॅनीला त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

पण ढोल ऐकला की मला ती वर्षं नाही आठवत. तो सोमवार आठवतो. पावणेआठपासून ती फोनपाशी उभी. साडी नेसलेली, केस घट्ट बांधलेले, फोनवर कोण बघणार होतं देव जाणे. मी कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. तिने नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत होती. रिसीव्हर कानाला लावून तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, आठवडाभर बघत होती तसं. या खेपेला मी कुठेही दुसरीकडे बघितलं नाही. पलीकडे कुणीतरी उचललं, नाव विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने पाठ ताठ केली, आणि माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "गुड मॉर्निंग. धिस इज डॉक्टर मेश्राम."